सात बाटल्यांना विभूती

सुनेची माफी मागायची न्हाई, पण तिच्यासाठी गुपचूप कायतरी करायचं, असं गुरुबसप्पानं पहाटे अंथरुणातच ठरवलं. सत्तर वर्षांत त्यानं माफी एकदाच मागितली होती, ती पण चुकून भलत्याच माणसाची. तेव्हा तो रस्ता बंदच होता.

आदल्या दिवशी झालं होतं असं. सून महानंदा गावातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नोकरी कच्ची, वर्षावर्षाची. जिल्हा नवा झाल्यापासून कागद इकडून तिकडं हिंडून राहिले होते, आणि शाळेला मंजूर झालेली प्रयोगाच्या सामानाची पेटी त्या कागदांच्या मागं मागं हिंडत होती. तिसरं वरीस लागलं तरी पेटीचा पत्ता नव्हता. आणि आता विस्तार अधिकारी पाठ बघायला येणार होते. पाठ पसंत पडला तर नोकरी पुढं चालू, नाहीतर महानंदाच्या जागी दुसरं माणूस. दुष्काळानं घरच्या किराणा दुकानात माशांशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. घर चालत होतं ते सुनेच्या पगारावर. गुरुबसप्पाला हे पक्कं माहीत होतं. फक्त तो ते बोलून दाखवत नसे.

पेटी नाही म्हणून महानंदा रडत बसली नाही. तिनं स्वयंपाकघरातले डबे उघडले. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला, त्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या, आणि सासऱ्याला एवढंच विचारलं, "मामा, दुकानातून दोन लिंबं, चुन्याची डबी अन् मूठभर साखर घेऊ का?"

एवढ्यावरून गुरुबसप्पानं अर्धा तास तोंड सोडलं. खायच्या जिनसांचा खेळ करता काय. तिकडं टँकरपुढं बाया घागरी आपटून राहिल्या अन् आमची सून साखरपाण्यात कागद भिजवणार. मी निजामाच्या राज्यात दुसरीपर्यंत उर्दू शिकलो, एका मास्तरानं लिंबू दाखवलं न्हाई, तरी माझं काय अडलं. (काय काय अडलं ते गावाला तोंडपाठ होतं.) शेवटी आतून त्याची बायको नागम्मा म्हणाली, "पोरीची नोकरी गेली तर उद्यापासून तुम्ही जावा शाळेत. आठवीत जागा हाय."

त्यावर तो उठून दुकानात गेला. लिंबं दिली. चुना दिला. साखर देताना मात्र हात आखडला.

महानंदानं औषधाच्या रिकाम्या सात बाटल्या भरल्या: लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, ताक, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, खायचा सोडा आणि चुन्याची निवळी. दिवेलागणीला तिनं सासूसमोर सगळा पाठ करून बघितला. सोड्यात आणि चुन्यात हळदीची पट्टी लालभडक व्हायची, कारण ते क्षार, म्हणजे आंबटाच्या उलटे. बाकीच्या पाच बाटल्यांत पिवळी ती पिवळीच. नागम्माला तिसऱ्या बाटलीपर्यंत सगळं समजलं. गुरुबसप्पा भिंतीकडं तोंड करून बसला होता, त्यामुळं त्याला समजायचा प्रश्न नव्हता.

तर सकाळी त्यानं एका तांब्यात अंघोळ उरकली (त्या साली तांब्यालाच अंघोळ म्हणायचं ठरलं होतं), इष्टलिंग हातावर घेऊन पूजा केली, कपाळाला तीन बोटांनी विभूती ओढली. ही विभूती त्याची स्वतःच्या हातची. गोवऱ्या जाळायच्या, राख सात पाण्यांनी धुवायची, गोळे वळायचे. गावात शिलाई मशीन येवो की नवी सायकल येवो, गुरुबसप्पाची विभूती लागल्याबिगर ती चालू होत नसे. समोर कोनाड्यात सात बाटल्या ओळीनं उभ्या. त्यांनीच काय घोडं मारलं होतं?

त्यानं लिंबाच्या बाटलीचं बूच काढलं आणि चिमूटभर विभूती आत सोडली.

रस फसफसून वर आला. बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस चढला, खदखदला, हळूहळू खाली बसला.

गुरुबसप्पानं हात जोडले. साठ वर्षं पूजा केली, पण देवानं असा रोखठोक होकार कधी दिला नव्हता. मग काय विचारता. उरलेल्या सहा बाटल्यांत त्यानं दोन दोन चिमटी घातल्या, मिठाच्या बाटलीत तर तीन, कारण मीठ गरिबाचं. बुचं घट्ट ठोकली, प्रत्येक बाटलीच्या पोटावर तीन बोटं ओढली आणि काही झालंच नाही अशा तोंडानं दुकानात जाऊन बसला. महानंदा घाईनं आली, बाटल्या पिशवीत भरून शाळेत गेली.

शाळेत गुरुबसप्पाला खुर्ची होती, कारण तो कमिटीचा मेंबर. खिडकीबाहेर नागम्मा आणि चार बाया. अधिकारी साहेब बारीक चणीचे, मांडीवर वही उघडलेली. महानंदा टेबलावर बाटल्या मांडून राहिली होती तोच लिंबाच्या बाटलीचं बूच फट्दिशी उडालं आणि साहेबांच्या वहीवर येऊन पडलं. साहेबांनी ते बाजूला ठेवलं आणि काहीतरी लिहिलं. गुरुबसप्पानं आजूबाजूला अभिमानानं बघितलं.

"हे मिठाचं पाणी," महानंदा म्हणाली. "ह्यात पट्टी पिवळीच राहील."

पट्टी लाल झाली.

तिनं साखरेची बाटली घेतली. पट्टी लाल. साहेबांनी पुन्हा लिहिलं. गुरुबसप्पानं खिडकीतल्या नागम्माला मान हलवून खूण केली, की बघ, कुंकवासारखं लाल, सगळं शुभ चाललंय. तेवढ्यात त्याची नजर सुनेच्या हातावर गेली. नवी पट्टी काढून ती त्याच बाटलीत पुन्हा बुडवत होती. काल तो एवढा ओरडला तेव्हाही तिनं एक काम दोनदा केलं नव्हतं. काहीतरी बिघडलं हे त्याला कळलं. काय, ते कळायला अजून पाच मिनिटं होती.

महानंदानं पट्टी खाली ठेवली. साहेबांकडं न बघता ती मुलींना म्हणाली, "काल सांजच्याला मी हीच बाटली तपासली, तवा पट्टी पिवळी राहिली. मग मधे काय झालं? मला बी माहीत न्हाई. आता तुम्ही शोधायचं."

मुली टेबलाभोवती गोळा झाल्या. एकीनं बाटली उजेडात धरली तर तळाला करडा गाळ. सिंधु म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती, तिला बाटलीच्या पोटावरचे तीन पांढरे पट्टे दिसले. सातही बाटल्यांवर तसलेच. तिनं पट्टी ओली करून त्यावर दाबली. पट्टी लाल.

"बाई, ही राख हाय," सिंधु म्हणाली. "राख क्षार असती. आमच्यात भांडी घासत्यात तिनं."

"पण बाटलीवर तीन बोटं कोण ओढल?" महानंदानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा आवाज बारीक झाला.

सगळा वर्ग वळला. कमिटीच्या खुर्चीत, रुंद कपाळावर, तसलेच तीन पट्टे बसलेले होते.

गुरुबसप्पा उठायच्या बेतात होता, पण साहेब शांतपणे म्हणाले, "नुसता संशय नको. तपासून बघा."

सिंधु ओली पट्टी घेऊन आली. "आज्जा, हालू नका," म्हणाली, आणि त्याच्या कपाळावर पट्टी दाबली. वर्गानं दहापर्यंत मोठ्यानं आकडे मोजले. पट्टी सोडवली तर लाल; आणि कपाळाला हळद आणि लाली असं काही लागलं, की बाशिंग तेवढं बाकी होतं. बाहेर बायांनी पदर तोंडात धरले.

साहेबांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. धुतलेल्या राखेत एवढा क्षार उरत नाही, असं ते म्हणाले, आणि मग सहज विचारलं, "आजोबा, विभूती किती पाण्यांनी धुतली?"

सगळं गाव ती विभूती लावायचं. गुरुबसप्पानं पत्र्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं.

"यंदा पाणी कुठं हाय, साहेब."

"एका पाण्यानं तरी?"

"पाणी दाखवलं व्हतं," गुरुबसप्पा म्हणाला.

दोन महिने हा माणूस कपाळ खाजतंय म्हणून रोज खोबरेल का मागतोय, ते नागम्मानं खिडकीतूनच सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. मग महानंदानं सिंधुकडून मिठाच्या बाटलीत लाल पट्टी टाकवली अन् वरून लिंबाचा रस ओतवला. आत बुडालेली पट्टी फेसातून पिवळी होत वर आली आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचं पेन मात्र लिहीतच होतं, आणि महानंदा पाठ संपेपर्यंत त्या पेनाकडंच बघत राहिली.

पंधरा दिवसांनी शेरा आला. विद्यार्थिनींनी स्वतः शोध घेतला, असा पाठ आजवर पाहिला नाही, शिक्षिकेला कायम करावं. महानंदानं कागद वाचला आणि पहिल्यांदा सासऱ्यासमोर डोळे पुसले.

"माझं नाव हाय का त्यात?" गुरुबसप्पानं विचारलं. आता एवढं झाल्यावर असायलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

"हाय की, मामा," महानंदा म्हणाली, आणि कागद घडी करायला लागली.

त्यानं हट्टच धरला. तेव्हा तिनं कागदाच्या पाठीवर छापलेला तक्ता वाचून दाखवला. पाठासाठी वापरलेलं साहित्य: हळदीचा कागद, लिंबू, चिंच, ताक, मीठ, साखर, सोडा, चुना. आणि सर्वांत खाली, साहेबांच्या बारीक अक्षरात: सासरे, नग एक. किंमत: निरंक.

निरंक म्हणजे काय, असं नागम्मानं विचारलं. महानंदानं खाली बघत सांगितलं, म्हणजे काही नाही.

"हुशार हाय साहेब," नागम्मा म्हणाली. "एका तासात समजलं त्याला. मला चाळीस वर्सं लागली."