सेक्रेटरींचा स्वाध्याय आणि बिबट्या

"माझ्या पुढच्या नोटिशीत त्या रेवतीबाईंना एक जरी चूक सापडली ना, तर नावाचा श्यामकांत पेडणेकर नाही!" असं श्यामकांतरावांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

नीलाताई गवार मोडत होत्या. "नाव राहू द्या. रविवारी निवडणूक आहे, आधी पद राहतंय का बघा!"

घाव वर्मी बसला. मुलुंडला डोंगराच्या कुशीत असलेल्या 'नवसंकल्प' सोसायटीचे ते अकरा वर्षं सेक्रेटरी होते. अकरा वर्षं त्यांनी मराठीत नोटिशी लावल्या आणि अकरा वर्षं त्या कुणीही वाचल्या नाहीत. यंदा भाडेकरू वाढले म्हणून त्यांनी पहिली इंग्रजी नोटीस लावली, तर चौथ्या मजल्यावरच्या रेवती गोगट्यांनी बोर्डावरच लाल पेनाने तिच्यातल्या सात चुकांना गोल केले. वर त्याच दिवशी सेक्रेटरीपदासाठी अर्जही भरला! नोकरीतून निवृत्त झालेल्या श्यामकांतरावांना आता जगात दुसरं पद नव्हतं. हेही गेलं तर ते नुसते नीलाताईंचे मिस्टर उरले असते, आणि त्या कल्पनेनेच त्यांची झोप उडाली होती.

क्लासला जावं तर अख्ख्या मुलुंडला कळणार. शेवटी लेकीने, ऋतिकाने, मोबाइलवर इंग्रजी शिकवणारी एक वेबसाइट काढून दिली.

"बाबा, रोज एक धडा, खाली प्रश्न, लगेच मार्क. सगळं फुकट!"

"फुकट? मग त्या बिचाऱ्यांचं घर कसं चालतं गं?"

"बाबा, धडा करा!"

गुरुवारी दुपारी धडा आला. दहा इंग्रजी वाक्यं कर्मणी प्रयोगात फिरवून लिहायची होती. हाताने लिहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, अशी श्यामकांतरावांची शाळेपासूनची समजूत. घरात कोरा कागद म्हणजे सोसायटीचं लेटरहेड. त्यावरही दर एक जानेवारीला ते पन्नास कागदांवर शिक्का मारून सही ठोकून ठेवत. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून! दहा वाक्यं सुवाच्य अक्षरात लिहून त्यांनी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि समाधानाने वामकुक्षी घेतली.

टेबल पुसताना नीलाताईंनी तो उचलून चपलांच्या स्टँडवर ठेवला. आणि स्टँडवरचं लेटरहेड वॉचमन नंदूने संध्याकाळी बोर्डावर लावायचं, ही अकरा वर्षांची पद्धत. नंदूने लावलं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता नळाला पाणी नाही. श्यामकांतराव तरातरा खाली निघाले, तर जिन्यात देवदत्त करंदीकरांनी त्यांचा हातच धरला.

"पेडणेकर, थँक्यू हं! रात्रीच चार पिंपं भरून घेतली!"

"का बरं?"

"अहो, सगळ्यांनीच भरली! टाकी पार कोरडी ठणठणीत!" करंदीकरांनी आवाज खाली आणला. "आणि तो? परत दिसला का?"

"तो कोण?"

"आता आमचीच परीक्षा घ्या! बिबट्या हो!"

मुलुंडच्या डोंगराकडेला बिबट्या म्हटल्यावर कुणी पुरावा मागत नाही. पण सोसायटीत बिबट्या शिरला आणि सेक्रेटरी श्यामकांतरावांना पत्ता नाही? तेही निवडणुकीच्या तोंडावर? इथे एक साधा प्रश्न विचारला असता तर सगळं तिथेच निभावलं असतं. पण ते छाती काढून म्हणाले, "हो हो, आमचं लक्ष आहे त्याच्यावर!"

आणि घरात जाऊन, दाराला कडी लावून, त्यांनी स्वतःच वन खात्याला फोन केला.

तासाभरात जीप आली. तेजलमॅडम म्हणून तरुण अधिकारी उतरल्या. नंदू शिट्टी फुंकत होता, बायका गॅलरीतून थाळ्या वाजवत होत्या आणि श्यामकांतराव हातात छत्री घेऊन, सर्वांच्या मागे राहून, नेतृत्व करत होते.

"कुणी पाहिला?" मॅडमनी विचारलं.

"मुलांनी!" सगळे एका सुरात.

मुलांना विचारलं. तिघांनी लगेच "हो" म्हटलं. एकाने तर त्याची शेपूट धरल्याचंही सांगितलं!

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"नोटिशीत आहे ना!"

मॅडम बोर्डाकडे गेल्या आणि एकेक वाक्याचा मराठी अर्थ मोठ्याने सांगू लागल्या. "उद्या पाणी बंद केलं जाईल. बागेच्या भिंतीमागे मुलांना बिबट्या दिसला." लोकांनी माना डोलावल्या. मॅडम थबकल्या. "राजाचा खून त्याच्या भावाने केला." त्या सावकाश वळल्या. "हे राजे कुठल्या मजल्यावर राहायचे?"

पहिल्या दोन ओळींपुढे कुणी वाचलंच नव्हतं! श्यामकांतरावांनी आपलं अक्षर ओळखलं, सही ओळखली, आणि छत्री उघडून तोंडावर धरली.

"मी वाचलं होतं," गर्दीतून रेवतीबाई म्हणाल्या. कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं होतं : दहापैकी दहा, शाब्बास! "मला वाटलं, सरावाचा कागद मुद्दाम मला दाखवायला लावलाय. एवढी मेहनत घेणाऱ्या माणसाविरुद्ध कशाला उभं राहायचं? अर्ज रात्रीच मागे घेतला मी."

रविवारी श्यामकांतराव बिनविरोध निवडून आले.

सोमवारी त्यांनी पहिली बिनचूक इंग्रजी नोटीस लावली : बुधवारी टाकीची सफाई आहे, पाणी भरून ठेवावे. रेवतीबाईंनी खाली शाब्बास लिहिलं. येणाजाणाऱ्याने कौतुकाने वाचलं.

बुधवारी सकाळी डोक्याला साबण फासलेल्या श्यामकांतरावांनी नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला.

"नीला! पाणी भरलं नाहीस? खाली नोटीस नाही वाचलीस?"

"वाचली की!" बाहेरून उत्तर आलं. "छान लिहिला होतात हो अभ्यास!"