अर्जदाराच्या बोटांत दोष नाही

बिघडलेल्या लॅपटॉपसाठी लेखी अर्ज मागणारा माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या कॅरी गावात एकच आहे: आमच्या मागच्या रस्त्यावरचे बर्वे. पत्नी गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. त्यापूर्वी तहसील कचेरीत होते. तिथे संगणक आले तेव्हा ते शिकणारे पहिले कारकून हेच. अर्ज कागदावर हवा, सही-तारखेसह. त्यावर ते आवक क्रमांक टाकतात आणि मगच यंत्राकडे पाहतात. "तोंडी तक्रारीत माणूस रागावतो, लेखीत आठवतो," हे त्यांचे पालुपद. इथली मंडळी याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला ते मान्य नाही.

गेल्या हिवाळ्यात एका अपडेटनंतर माझ्या लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर बोट टेकवले तरी काही उघडेना. मुलाने एकदा दाबून पाहिले, उघडले.

"बाबा, लॅपटॉप फाइन आहे. तुमची बोटं ड्राय झालीत, प्रेशर येत नाही. आता फोनवर बोलून लिहा ना."

"आजोबा, जस्ट टॉक टू इट," नातीने दुजोरा दिला.

चाळीस वर्षे मी व्याकरण शिकवले. माझी वाक्ये मी बोटांनीच रचतो. ते सुटले तर मागे काय उरते, हे मुलाला विचारण्याइतका मी लीन नाही. मी अर्ज केला; मुलाने दाबल्यावर उघडते, हेही त्यात लिहिले.

पहिल्याच ओळीवर बर्व्यांची पेन्सिल थांबली. "तुम्ही 'टेकवले' लिहिलंय. 'दाबले' नव्हे."

"मी शब्द तपासूनच लिहितो."

"म्हणूनच सापडलं. चिरंजीव दाबतात, तुम्ही टेकवता."

नुसते बोट टेकवून क्लिक करण्याची सोय अपडेटने बंद केली होती. सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी ती चालू केली आणि अर्जावर शेरा मारला: 'अर्जदाराच्या बोटांत दोष नाही.' तो कागद मी फ्रिजवर लावला, मुलगा दूध काढताना नजरेस पडेल असा.

"दोन मिनिटांचं काम होतं, मीच केलं असतं," असे मुलगा आता सर्वांना सांगतो. केले असते, तीन आठवडे केले नाही, एवढेच. मी बर्व्यांचा ऋणी आहे, आणि ऋणी असणे मला फारसे जमत नाही.

परवा दुपारी बेल वाजली. दारात बर्वे, कानटोपी घातलेले.

"बरेच दिवस तुमचा अर्ज नाही."

"सगळं व्यवस्थित चालू आहे."

"उत्तम," ते म्हणाले, पण हलले नाहीत. "मुलगी-जावई ऑफिसला जातात. घरातली यंत्रं सगळी तपासून झाली." मग कानटोपी काढत, "लहानसं काही असलं तरी चालेल."

आपल्याला काही येत नाही, असे मी आजवर कुणापुढेही कबूल केलेले नाही.

"आहे एक अडचण," मी म्हटले. "पण लिहून ठेवलेली नाही."

"तोंडी चालेल," बूट काढत ते म्हणाले.

मी चहा ठेवला. तो उकळेपर्यंत अडचण कोणती, ते मला ठरवायचे होते.