दोर आणायला गेलो होतो

मला फक्त दोर आणायचा होता. एक दोर आणि बसायला एक फळी, बस. हे मी आजवर पारोळ्यात ज्याला त्याला सांगत आलोय आणि ज्याने त्याने तोंडावर हात ठेवून दुसरीकडे बघितलंय. तुम्ही तरी हसू नका.

सत्त्याऐंशी सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या लेकीचं, ताईचं लग्न होऊन तीन महिने झालेले. म्हणजे लेक पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार. आणि लेक आखाजीला आली नि अंगणातल्या निंबाला झोका नाही, असं आमच्याकडे कुणाच्या दुश्मनाच्याही घरी होत नाही. पण मागच्या वर्षी एक भानगड झाली होती. मी बांधलेल्या झोक्यावर शेजारच्या शेवंताबाई बसल्या आणि दुसऱ्याच हेलकाव्याला खाली आल्या. (त्यांच्या खाली आमची कोंबडी होती. तिच्याबद्दल पुढे काही सांगण्यासारखं नाही.) दोर तुटला, दुसरं काय! बाजारातला माल हल्ली असाच.

"यंदा चांगला दोर आणा," माझी बायको पुष्पा म्हणाली. "माझी लेक पडली ना, तर बघा."

"हत्ती बांधता येईल असा आणतो," मी म्हणालो.

कचेरीच्या कामाने चाळीसगावला गेलो होतो. तिथे कळलं, गावाबाहेरच्या बंगल्यातले एक मिल मॅनेजर साहेब नोकरी संपवून कोकणात चाललेत, सामान विकताहेत, आणि त्यांच्याकडे असा दोर आहे की विचारू नका. गेलो. दोर खरंच होता. पांढरा, मऊ, बोटभर जाड. फक्त तो एका होडीला बांधलेला होता.

साधीसुधी होडी नव्हती हो. शिडाची! जुन्या घाटाची, अंग पांढरं शुभ्र, कडेने सागवानी पट्टी, पितळेच्या कड्या, लांबलचक डोलकाठी, आणि आत बसायला अशी गुळगुळीत फळी की माझा हात तिच्यावरून निघेना. साहेब ती धरणावर फिरवायचे म्हणे.

"नुसता दोर मिळेल का, साहेब?"

"दोर काढला तर होडीत राहिलं काय?" साहेब म्हणाले.

मला ते एकदम पटलं. (मला समोरच्याचं फार लवकर पटतं. घरच्यांचं सोडून.) कितीला घेतली ते विचारू नका. पुष्पाने विचारलं तेवढं पुरे झालं. कापसाच्या रिकाम्या ट्रकवर होडी चढवली, तिचा दोन चाकांचा लोखंडी गाडाही चढवला आणि संध्याकाळी पारोळ्यात उतरवली.

पुष्पा दारात आली. होडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दोर कुठाय?"

"हा काय. याच्यातच आहे."

"आणि फळी?"

"तीही याच्यातच."

ती तडक आत गेली आणि पिठाचा डबा धाडकन आपटला. पारोळ्यात बैल पोहायला पाणी नाही आणि माझ्या अंगणात शिडाची होडी! तास-दोन तासांत गल्ली जमली. तोतारामने तर होडीच्या आत बाहेर दोनदा बघितलं. हा समोर राहतो, कापूस लावतो, आणि गल्लीत कुणाचंही काही अडलं की पहिला धावतो.

"भाऊ, हाई काय शे?"

"नाव आहे. शिडाची."

"ते देखी ऱ्हायनू. पन पानी कोठे शे?"

रात्री पुष्पाने निकाल दिला. आखाजीच्या आधी हे धूड अंगणातून गेलं पाहिजे, आणि निंबाला झोका दिसला पाहिजे. ताईला कळता कामा नये की तिच्या बापाने काय केलं. मी मुकाट्याने पुठ्ठ्यावर ‘शिडाची होडी विकणे आहे’ असं लिहून तो निंबाला अडकवला. एकाने गुरांच्या पेंडीसाठी मागितली, एकाने विचारलं यात वरात निघेल का. पुष्पाला मात्र होडीतली एक गोष्ट पसंत पडली. शीड! तिने ते घराच्या सपाट धाब्यावर पसरलं आणि त्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, घातले. "एरवी कापडाला मागून पाणी मारावं लागतं, तेव्हा सुटतात. याच्यावरून आपोआप सुटतील बघा," ती म्हणाली. चार दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलली, म्हणून मीही गप्प बसलो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पुष्पा आंबे आणायला बाजारात गेली, आणि नेमके तेव्हाच धुळ्याचे रतिलालशेठ मोटारीतून उतरले. यांच्या मळ्यात मोठं शेततळं. माणूस शौकीन. होडीला हात लावून म्हणाले, "घेतो. पण आधी शीड चढवून दाखवा."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोतारामला हाक मारली. डोलकाठी उभी करायला गेलो तर निंबाची एक आडवी फांदी मधे यायला लागली.

"तोड रे," मी म्हणालो.

"भाऊ, देखा बरं..." तोताराम म्हणाला.

"तोड म्हणतो ना! शेठ थांबलेत."

फांदी पडली. आणि पडल्यावर मला तिच्यावरचे दोन गुळगुळीत चट्टे दिसले. ताई सहा वर्षांची होती तेव्हापासून दरसाल तिथेच दोर घासून पडलेले. झोक्याची फांदी! निंबाला तशी दुसरी आडवी फांदीच नव्हती. मला ब्रह्मांड आठवलं. खरं सांगतो, त्या क्षणी शेठ, होडी, सगळं कुणीतरी उचलून नेलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

पण शेठ घड्याळ बघत होते. धाब्यावरून शीड आणलं. बिबडे अर्धेच वाळलेले, काढायला वेळ कुठला? तसंच चढवलं. मी होडीत उभा राहून दोरी ओढली आणि शीड बिबड्यांसकट दिमाखात वर गेलं. काळजी नव्हती. होडीखालचा गाडा मी स्वतःच्या हाताने निंबाच्या बुंध्याला बांधला होता.

तेवढ्यात वैशाखातली वावटळ आली.

शीड भप्पकन फुगलं, बिबडे तटातट सुटले (पुष्पाचं बरोबर होतं, आपोआपच सुटले) आणि होडी हलली. आमच्या अंगणाला फाटक नाही आणि गल्लीला उतार आहे. विजेच्या तारा पलीकडच्या बाजूला होत्या म्हणून आज हे लिहितोय.

"भाऊ, उडी मारा!" तोताराम ओरडला.

"कशी मारू? चालू आहे ना!"

गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला होता. त्यातून ताई उतरत होती, आणि शेजारी आंब्यांची पिशवी घेऊन पुष्पा उभी होती. मी त्यांच्या समोरून शीड फुगवून गेलो. काहीतरी म्हणायला हवं म्हणून "आलीस का, बाई?" म्हणालो. पुढे शेवंताबाईंच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात होडी शिरली आणि थांबली.

शेठ धावत आले. मला वाटलं, माझी विचारपूस करायला.

"याला ब्रेक नाही?" त्यांनी विचारलं, आणि मोटारीत बसून निघून गेले.

ताई अंगणात गेली आणि तुटलेल्या फांदीपाशी उभी राहिली.

"नाना, झोक्याची फांदी कुठे गेली?"

मला तोंड वर करवेना. पुष्पाही ओरडली नाही. तिने पदर खोचला, पऱ्हाट्यांतली होडी बघून आली आणि तोतारामला म्हणाली, "ती लांब काठी काढ."

डोलकाठीचं एक टोक निंबाच्या बेचक्यात, दुसरं धाब्याच्या कठड्यावर. तिला तो पांढरा दोर, दोराला होडीतली सागवानी फळी. संध्याकाळी ताई झोक्यावर उभी राहिली आणि असा उंच झोका घेतला की बायकांची गाणी मधेच थांबली. हसत होती पोरगी. माझा जीव भांड्यात पडला. पुष्पाही माझ्याकडे बघून म्हणाली, "दोर मात्र चांगला आणलात हं."

मी छाती फुगवली. "मग! मागच्या वर्षीसारखा तुटणारा नाही हा. या, शेवंताबाई, बसा आता बिनधास्त."

शेवंताबाई आल्या, पण बसल्या नाहीत. वर बघून म्हणाल्या, "गाठ कोनी मारी?"

"तोतारामने," पुष्पा म्हणाली.

"मग बसस."

"अहो अक्का, गाठीचं काय? दोर तुटला होता तेव्हा!"

"दोर कोठे तुटना व्हता, भाऊ?" शेवंताबाई झोक्यावर नीट बसत म्हणाल्या. "त्याच दोरले वरीसभर मना गोठामा म्हैस बांधेल शे. गाठ सुटनी व्हती तुमनी. आज बी तीच सुटनी."