नानाने नापसंत केलेले सोफे

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मी आमच्या मळ्याच्या जुन्या शेजाऱ्याला, नानाला, सोफा घ्यायला बरोबर नेलं. ज्याने जन्मभर सोयरिकी जुळवल्या त्याला सोफ्याच्या दुकानात नेऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

आमचा भाजीचा मळा शहराने गिळला. बिल्डरने बदल्यात दोन फ्लॅट दिले. एकात आम्ही राहतो, समोरचा सामानासकट भाड्याने द्यायचा ठरला. नवराबायको, दोघंही मास्तर, सोमवारी संध्याकाळी येणार होते. सगळं पसंत होतं, फक्त सोफा पाहिजे म्हणाले. नाहीतर त्यांनी दुसरं घर बघून ठेवलेलं होतं. सून म्हणाली, बाबा, फोनवरून मागवते, घरपोच येईल. मी म्हणालो, शिकलो चौथीच, पण बैल दात बघून घेतलेत; चार पायांची वस्तू मला फोनवर बघायची गरज नाही. सोफा मीच आणणार. खरं म्हणजे मी सोफ्यावर कधी नीट बसलोच नव्हतो. कुणाकडे गेलो तर कडेला टेकतो, उठायची तयारी ठेवून.

रविवारी सकाळी नाना कोट-टोपी घालून हजर. कोटाला डांबरगोळ्यांचा वास. याच कोटात त्याने सगळ्या मळेकऱ्यांची पोरं-पोरी उजवली. बायको गेल्यापासून तो एका खोलीत एकटाच राहतो.

द्वारका चौकाजवळच्या पहिल्या दुकानात शिरताच नानाने आधी पाणी मागितलं. मग ख्यालीखुशाली, मग मूळ गाव विचारलं. मालक म्हणाला, येवला.

"तुमचं नाय विचारलं," नाना म्हणाला. "सोफ्याचं."

तपकिरी सोफा होता. मी बसलो, बरं वाटलं. नाना भोवती एक फेरी मारून आला, वाकून पाय बघितले, टेकला, डोळे मिटले. आता हो म्हणेल असं वाटलं. तो म्हणाला, "वळण चांगलं आहे. घरी जाऊन कळवतो."

मालकाने नंबर दिला. आम्ही पुढे निघालो.

दुसऱ्या दुकानातला सोफा बसलं की करकरायचा. नाना म्हणाला, हे स्थळ लय बोलतं. तिसऱ्यात पांढराशुभ्र होता, मला आवडला. नानाने मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की रंगावर जाऊ नको, दोन वर्षांनी काय दिसेल ते बघ. चौथा इतका मऊ की आम्ही दोघं आत गेलो आणि एकमेकांना ओढून बाहेर काढलं. फार लाडात वाढलाय, नाना म्हणाला.

तिथला मालक वैतागला. "बाबा, सोफा नेताय का जावई?"

"जावई वर्षातून दोनदा येतो," नाना म्हणाला. "हा रोज घरात असणार."

पाचव्या दुकानात म्हटलं, आता आपणच अक्कल दाखवावी. बैलाचा खूर बघतो तसा सोफ्याचा पाय धरून उचलला. पाय माझ्या हातात आला, सोफा खाली राहिला. मी तो पाय कंदमुळासारखा धरून उभा. नाना मालकाला म्हणाला, आमच्याकडून चूक झाली, पण तुमच्याकडून लपवाछपवी झाली.

संध्याकाळ झाली. सगळीकडे नानाचं एकच, कळवतो. शटर खाली यायला लागली तेव्हा बसथांब्यावर माझा तोल गेला. म्हणालो, उद्या भाडेकरू येतायत, सुनेपुढे माझं तोंड काय राहील? तुझ्या पसंतीला एक सोफा उतरेना. तुला आणलं हीच चूक.

नानाने टोपी काढून झटकली, परत घातली.

"पहिला चांगला होता," तो म्हणाला.

"कोणता पहिला?"

"तपकिरी. तू पाठ टेकलीस त्याला. तू कुठं पाठ टेकत नाहीस, किसना."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"हो म्हणालो असतो तर दहालाच घरी पोचलो असतो. पोरं आता फोनवरच जमवतात. हा कोट चार वर्षांनी काढला."

मला प्रत्येक गोष्टीला उत्तर सुचतं, घरातले त्याला कंटाळलेत. त्या वेळी मात्र मी दोन चहा सांगितले. घरी सुनेने विचारलं, काय ठरलं? मी म्हणालो, सकाळी कळवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. तपकिरी सोफा टेम्पोत चढवला, टेम्पो घराकडे लावून दिला, आणि तिथून पायी नानाच्या खोलीवर गेलो. भाडेकरूंनी सोफ्याशिवाय काही मागितलं नव्हतं. मी नानाला सांगितलं, त्यांना जेवायचं टेबल पाहिजे, कोट घाल.