बेडकाची जागा

समीक्षाच्या बाबांना बेडकाची नोकरी लागली, त्या दिवशी मी गावभर पेढे वाटले.

नोकरी सरकारी होती, वाटायलाच हवे होते. आमच्या गावच्या बोडीत, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहानशा तळ्यात, एकही बेडूक उरला नव्हता. बोडीच्या वरच्या अंगाला डोमाजी बोपच्यांचं शेत. तुडतुड्यांवरचं नवं जालीम औषध गावात पहिल्यांदा फवारलं ते त्यांनी, आणि त्यांच्या शेतातलं पाणी उतरतं ते थेट बोडीत. आधी मासे उलटे तरंगले, मागोमाग बेडूक गेले. बेडूक गेल्यावर डासांना रान मोकळं मिळालं आणि घरोघरी अंथरुणं पडली. आमची समीक्षाही तापानं फणफणली होती. मग तालुक्याच्या जीवसृष्टी कार्यालयानं रीतसर जाहिरात काढली. निसर्गाच्या साखळीत एखादी जागा रिकामी झाली, तर खरा प्राणी परत येईपर्यंत ती गावातल्या माणसानं भरायची, असा नियमच आहे.

हे शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायचे. तासिका तत्त्व म्हणजे काय, तर तास संपला की नातं संपलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, बेडूक श्वास कशानं घेतो. बाकीचे उमेदवार नाकानं म्हणाले. यांनी फुप्फुसानं आणि ओल्या कातडीनंही, असं सांगितलं आणि निवड तिथल्या तिथे झाली. शिक्षण कधी वाया जात नाही, असं मी तेव्हा चार बायकांना ऐकवलंसुद्धा.

काम दिवेलागणीला सुरू व्हायचं. गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, डास मारायचे, आभाळ भरून आलं की ओरडायचं. पहिल्या दिवशी मी थर्मासमधून चहा नेला, तर कार्यालयाचे बिसेनसाहेब काठावर उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे थंड रक्ताचं पद आहे, गरम काही चालणार नाही. मी थर्मास परत आणला. माणूस समजूतदार होता, उगाच का खोटं बोलू.

महिन्याभरात ताप उतरला. 'मास्तर, मास्तर' म्हणून ज्यांनी यांची टिंगल केली, तेच आता काठावरून रामराम घालायला लागले. मला तर गगन ठेंगणं झालं होतं.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि समीक्षा शेजारी बसून पाठ करत होती. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. पुन्हा गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मी सहज विचारलं, ही कसली गं रांग? ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "पुढचा मागच्याला खातो, आई."

माझा हात सुपातच राहिला.

हे घरी आले, अंग पुसायला लागले, तेव्हा मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"वर्षानुवर्षं फळ्यावर तो बाण मीच काढत आलो," ते म्हणाले. "मला ठाऊक नसेल तर कोणाला?"

"मग बोलला का नाही?"

"तू पेढे वाटून आली होतीस."

मला रडूही आलं आणि असा संताप आला की मी टॉवेल हिसकून घेतला. माझ्या आनंदावर पाणी पडू नये म्हणून हा माणूस स्वतः पाण्यात जाऊन बसला होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, पण गरम पाण्यानं त्यांचे पाय शेकले. घरात थंड रक्ताचा नियम लागू नव्हता.

बिसेनसाहेबांनी धीर दिला. बेडूक संपले तेव्हाच साप उपाशी मरण्यापेक्षा गाव सोडून गेले होते, त्यामुळे वरची जागा रिकामी होती. रिकामी आहे तोवर निर्धास्त राहा, म्हणाले. आम्ही राहिलो. पोळा झाला आणि सापाची जाहिरात निघाली.

पहिला अर्ज डोमाजींचा. आमचं आणि त्यांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुनं भांडण. "या मास्तराला कच्चा खाईन," असं ते चारचौघांत बोलून चुकले होते. कार्यालयानं ते अनुभव म्हणून धरलं. आता काय करावं? हे म्हणाले, बाण बदलता येत नाही. मी म्हटलं, बाण नका बदलू, बाणाच्या त्या टोकाला मी जाते. आणि मीही अर्ज टाकला.

मुलाखतीत बिसेनसाहेब संकोचले. पद मांसाहारी आहे, आणि तुमचा गुरुवार असतो असं ऐकतो, म्हणाले. मी म्हटलं, गुरुवारची सुट्टी द्या, बाकीच्या दिवसांचं माझं मी बघते. डोमाजींची लायकी माझ्यापेक्षा जास्त होती, नाही कशाला म्हणू. पण नवरा-बायकोला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं, असा सरकारचा नियम आहे, आणि बोडी आमची एकच. जागा मला मिळाली.

ते दिवस फार चांगले गेले. हे पाण्यात, मी काठावरच्या मोहाच्या मुळाशी वेटोळं घालून. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण संध्याकाळी दोघांनीच निवांत बसणं कधी नशिबात नव्हतं. साहेब विचारायला यायचे, अजून गिळलं नाही? यांनी मला उत्तरं शिकवून ठेवली होती. एकदा मी म्हटलं, साप एकदा जेवला की कितीतरी दिवस खात नाही. पुढच्या खेपेला म्हटलं, कात टाकायची आहे, अशात सापाला अन्न जात नाही. दोन्ही खरं होतं, त्यामुळे साहेबांना काही बोलता आलं नाही. फक्त एक सांगते. पदावर आल्यापासून मला भूक फार लागायची, आणि भाकरी खाऊन ती जायची नाही.

मग थंडीत घारीची जागा निघाली. डोमाजींनी पुन्हा अर्ज केला. घार सापाला खाते, हे आता मलाही पाठ होतं. यावेळी मी काही बोलायच्या आत हेच उठून तालुक्याला गेले. सेवेत ज्येष्ठ होते, नवरा-बायकोचा नियम होताच. हे घार झाले. शिडीवर चढायला घाबरणारा माणूस आता मोहाच्या शेंड्यावर बसतो, फांदीला घट्ट मिठी मारून, आणि वरून मला हात करतो. घारीच्या पुढे बाण नाही, हे समीक्षानं पुस्तकात पाहून दोनदा सांगितलं. आमचं गंगेत घोडं न्हालं.

खाली बेडकाची जागा मात्र रिकामी झाली. डास परतले. डोमाजींचा नातू तापानं असा भाजून निघाला की त्याच्या कपाळावर हात ठेववेना. डोमाजी माणूस वाईट नाहीत हो, पाणी त्यांच्या शेतातून उतरतं, एवढंच. नातवासाठी त्यांनी अर्ज केला आणि ती जागा त्यांना मिळाली. आता ते गळ्यापर्यंत पाण्यात बसतात. माझ्याकडे पाहत नाहीत. धुऱ्याचा विषय काढत नाहीत.

परवा बिसेनसाहेब आले. म्हणाले, आजवर घरचं माणूस होतं म्हणून समजून घेतलं. पण सोमवारी वरचे साहेब पाहणीला येत आहेत, साखळी चालताना दिसली पाहिजे. नाही दिसली तर तिन्ही जागा बाहेरच्या माणसांनी भरतील, आणि ती माणसं सध्याच्या लोकांना, ज्या क्रमानं आहेत त्या क्रमानं, सामावून घेतील. मी वर पाहिलं. हे फांदीला धरून बसले होते, त्यांना ऐकू आलं नव्हतं. मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आज सकाळी डोमाजींची रायवंता आली. इस्त्रीचं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात झाकलेलं ताट. आमच्या ह्यांना बेडकाची नोकरी लागली ताई, म्हणाली, या वयात, आणि तीही सरकारी. आनंदानं तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नातवाचा ताप उतरला होता. मग तिनं जरा जवळ येऊन विचारलं, "काम कठीण नाही ना जी?"

मला तिची फार दया आली. अगदी सांगायचंच ठरवून मी तोंड उघडलं.

"रायवंता, त्या साखळीत..."

"आधी तोंड गोड करा," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या उघड्या तोंडात पेढा घातला.

पेढा चांगल्या खव्याचा होता. मी तो न चावता गिळला.