आप्पांच्या आहेराचं घड्याळ

"सोयरीक ठरवायला येनाऱ्या मान्सांना कुनी कचरा उचलायला नेतं का?" रंगूबाईंनी चहाचा कप नवऱ्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

"तुला न्हाय कळायचं," दादासाहेब म्हणाले. "पिंपळीच्या आप्पांना समाजकार्याची आवड हाय. हार घालायचा, माइकवर दोन शब्द बोलायला लावायचं. जेवायला बसतील तवर त्यांच्या पोराशी आपल्या वैष्णवीचं जमलंच म्हनून समज."

शहाण्णव साली वरकुट्यात वनमित्र मंडळ निघालं आणि दादासाहेब त्याचे अध्यक्ष झाले. गावाबाहेर वनखात्याची जमीन होती. खात्याने तिथे झाडं लावली होती आणि गावाने तिथे बाकीचं सगळं टाकलं होतं. झाडं काही जगली नाहीत, बाकीचं मात्र जोमाने वाढलं. त्यात अध्यक्षांचाही हातभार होता. पाहुणे येणार म्हणून घराला रंग काढला, तेव्हा माळ्यावरची सगळी अडगळ ट्रॉलीत भरून तिकडेच रवाना झाली होती. ट्रॉलीत काय काय गेलं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. अध्यक्षाने कुठे कुठे बघायचं!

रविवारी सकाळी तिथला कचरा उचलायला माणसं जमली. आप्पांच्या गळ्यात हार पडला, नारळ फुटला आणि खोबरं वाटून करवंट्या झुडपात भिरकावल्यावर श्रमदानाला सुरुवात झाली. दादासाहेबांचं भाषण रंगलं, आणि घात झाला तो तिथेच.

"हितं ज्याच्या नावाची वस्तू घावंल, त्याचं नाव माइकवर पुकारलं जाईल! मग तो कुनी का असंना!"

हे सगळं विरोधी पार्टीच्या सोनबासाठी होतं. त्याचे निवडणुकीतले फलक बाभळीखाली पडलेत, हे दादासाहेबांनी आधीच हेरून ठेवलं होतं. टाळ्या पडल्या. आप्पांनीही वाजवल्या.

माइक झुंबर नावाच्या मांडववाल्याचा होता आणि तो दुसऱ्याच्या हातात देणं त्याच्या जिवावर येई. त्याने सोनबाचं नाव पुकारलं, लोक हसले, सोनबाने मुकाट्याने फलक बगलेत मारले. पण झुंबरला आता गोडी लागली. "भीमातात्यांची फुटकी बादली! सरपंचांच्या घरचा पाळणा!"

आपल्याकडे बादलीपासून पाळण्यापर्यंत नाव घातल्याशिवाय वस्तू पुरी होत नाही. आहेर करणाऱ्याला तर वस्तूपेक्षा नावच मोठं लागतं. हे ध्यानात आलं आणि श्रमदानाला एकदम जोर चढला. फावड्याला टेकून उभे असलेले लोक पळत सुटले. ज्याला त्याला आपला ढीग बरोबर ठाऊक होता. कुणी धोतराच्या सोग्यात, कुणी पदराआड, मिळेल ते दडवून घरी नेऊ लागले.

"काय हो ह्यो उत्साह!" आप्पांना गहिवरून आलं.

इतक्यात झुंबरने एक भिंतीवरचं घड्याळ उचललं आणि काचेवर चिकटवलेली कागदी पट्टी वाचायला घेतली. "चिरंजीव रविराज यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ..."

रविराज म्हणजे दादासाहेबांचा थोरला मुलगा. "झुंबर, बास! बंद कर!" दादासाहेब ओरडले. पण झुंबर अर्धवट काम सोडणाऱ्यांतला नव्हता.

"...सप्रेम भेट, आप्पा, पिंपळी!"

सगळं रान दादासाहेबांकडे वळून बघू लागलं.  लेकीचं लग्न डोळ्यांदेखत मोडत होतं.

"माजा आहेर उकिरड्यात?" आप्पांनी गळ्यातला हार उतरवला.

"चोरी! चोरी झाली आप्पा आमच्यात!" दादासाहेबांनी ठोकून दिलं.

सोनबा याच घडीची वाट बघत होता. "आरारा! आजून काय गेलं हो अध्यक्ष?"

"लई गेलं. गादी गेली, पितळी दिवा गेला..."

"ही गादी? ह्यो दिवा? समदं हितंच हाय की! आन् चोरबी तुमचाच ट्रॅक्टर घिऊन आला व्हता वाटतं. ही चाकोरी थेट तुमच्या दारातनं आलीया."

आप्पा ताडकन उठले. "आमी जेवायला थांबत न्हाय. माजं घड्याळ द्या हिकडं." ते घेऊन त्यांनी उपरण्याने खसाखसा पुसलं. रात्रीच्या दवात भिजलेली पट्टी उपरण्याबरोबर निघून आली. खाली तांबड्या रंगात अक्षरं होती: 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट. दादासाहेब, वरकुटे.'

आप्पांनी वाचलं. शेजारी उभ्या असलेल्या दादासाहेबांनीही वाचलं. आप्पांच्या नव्या बंगल्यासाठी हे घड्याळ त्यांनीच बारामतीत घासाघीस करून घेतलं होतं. तेच रविराजच्या लग्नात फिरून दादासाहेबांच्याच घरी आलं होतं, आणि वर्षभर माळ्यावर पडूनही कुणी ओळखलं नव्हतं.

"खाली आजून कुनाचं नाव हाय?" झुंबर माइक घेऊन पुढे आला.

"कंपनीचं!" आप्पांनी घड्याळ घाईने उपरण्यात गुंडाळलं आणि दादासाहेबांचा दंड धरून त्यांना बाभळीमागे नेलं. "ह्ये दुसऱ्या कुनी वाचलं न्हाय न्हवं?"

"न्हाय आप्पा. मी मरंस्तवर कुनापाशी बोलायचो न्हाय."

"परक्याचा भरवसा मरंस्तवर धरता येत न्हाय," आप्पा म्हणाले. "सुपारी आजच फोडू. घरचं मानूस झालं, की तोंड आपसूक बंद ऱ्हातं."

दादासाहेबांना रडू येईल असं वाटलं. लेकीचं जमलं होतं.

पंगत बसली. वाढता वाढता रंगूबाईंनी विचारलं, "मग लग्नात आहेर घ्यायचा ना आप्पा?"

"न्हाय!" दोन्ही व्याही एकदम ओरडले.

पत्रिकेवर तसं ठळक छापलं गेलं. एवढी सुधारक विचारांची घरं तालुक्यात दुसरी नाहीत, असं लोक बोलू लागले. दोघा व्याह्यांनी ते कधी नाकारलं नाही.