पेशींना बोलावणं

रेवतीला जंताची लस टोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुसून आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या, पण बसण्यात काय रुबाब! मी सडा टाकायला निघाले होते. बादली खाली ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," त्यांच्यातली थोरली म्हणाली. रुसलेली माणसं हेच म्हणतात.

रेवती माझी सून. जंतांनी रक्त पिऊन पिऊन पोरगी पांढरीफटक पाडली होती. शेणाची पाटी उचलली की डोळ्यांपुढं अंधारी यायची, परवा तर गोठ्यातच कोसळली. मला दुसरी सून नाही आणि नकोही आहे. मी तशीच गेले आणि लस टोचणाऱ्या बनसोडे सिस्टरना घेऊन आले.

सिस्टरनी ओट्याकडं पाहून चपला काढल्या. "मावशी, लस म्हणजे नुसतं आवतण," त्या म्हणाल्या. "जंत कसा दिसतो, मातीतून अनवाणी पायात कसा शिरतो, कुठं राहतो, एवढं यांना कळवलं. पण पानं वाढल्यावर दुसरं बोलावणं यावं लागतं ना? ते यांना आलंच नाही."

"उलट आतून निरोप येतोय," थोरली म्हणाली. "बसा निवांत, घरात सगळं ठीक आहे."

"कोण पाठवतं निरोप?"

"जंत."

"अगं बाई! आणि तुम्ही ऐकता?"

"बोलतो गोड. आणि दुसरं कुणी बोलतच नाही."

हे मात्र मला पटलं. आमच्या गावात बोलावण्याशिवाय कुणी पानावर बसत नाही. माझे सख्खे दीर एकदा बोलावणं राहिलं म्हणून मांडवाच्या दारात उपाशी बसले होते. पेशींचं काही चुकत नव्हतं. मी डोक्यावर पदर घेतला, अक्षता आणल्या आणि म्हटलं, "चला, पानं वाढलीत."

कुणी हललं नाही.

"तुम्ही तिच्या कोण?" थोरलीनं विचारलं. "राग मानू नका. आपलं कोण आणि परकं कोण, एवढंच आमचं काम."

"सासू."

पेशींनी एकमेकींकडं पाहिलं. सिस्टरही उगाच पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. तेवढ्यात आत रेवती उठायला गेली, आणि तांब्या पडल्याचा आणि पाठोपाठ तीही पडल्याचा आवाज आला.

मग माझं डोकं फिरलं. "सासू तर सासू! पण हिला काही झालं तर मी भांडू कुणाशी? माझी आहे ती! लेक आहे माझी! उठता का एकेकीला सुपात घालून पाखडू?"

"हां, याला म्हणतात बोलावणं," थोरली म्हणाली. सगळ्या उठल्या, अंग झटकून आत गेल्या.

पुढं काही दिवस रेवतीच्या पोटातून भांडी आपटल्यासारखा आवाज यायचा. मग तो थांबला. आता ती दोन-दोन पाट्या उचलते आणि मला उलटून बोलते. जिवाला बरं वाटतं.

थोरली तेवढी ओट्यावर परत आली. जंताचं तोंड कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, म्हणाली. मी तिला पाट दिला.

पावसाळा सरता सरता एकदा रेवती अनवाणीच मळ्यात जाऊन आली. तिनं उंबरा ओलांडला आणि थोरली ताडकन उठली. मी घाईघाईनं अक्षता शोधायला लागले.

"राहू द्या हो," थोरली म्हणाली. "घरच्यांना कुठं बोलावणं लागतं?" आणि मला बाजूला सारून आत गेली.